कोहळी समाजाचे मूळ आणि तळ्यांचा वारसा

(भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वैनगंगेच्या खोऱ्यातील गावांची नावे वाचली, तर त्या नावांतच या प्रदेशाचा अर्धा इतिहास सापडतो. नवेगावबांध, सिरेगावबांध, शिवनीबांध ही गावे 'बांध' हा शब्द आपल्या नावात वागवीत आली आहेत. भंडारा जिल्ह्यातील रेंगेपार या गावाच्या नावापुढे तर 'कोहळी' हा शब्द सरकारी कागदांतही लिहिला जातो. माती आणि पाणी यांच्याशी एका लहानशा समाजाचे नाव इतके घट्ट जोडले गेले आहे, असे उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. कोहळी कोण, ते कोठून आले आणि त्यांनी येथे काय उभे केले, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. एखाद्या जातीचे गुणगान करणे हा त्यामागील हेतू नाही. भंडारा आणि १९९९ साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया, या दोन्ही जिल्ह्यांतील कष्टकऱ्यांचे पाणी आज कोणाच्या हाती आहे, या प्रश्नाचे मूळ याच इतिहासात आहे.

प्रथम मूळस्थानाचा प्रश्न घेऊ. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. १९११ च्या जनगणनेनुसार कोहळ्यांची संख्या सुमारे २६ हजार होती आणि ते मुख्यत्वे भंडारा व चांदा या दोन जिल्ह्यांत वसलेले होते, अशी नोंद त्यात आहे. कोहळ्यांची स्वतःची परंपरा अशी की, चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला असता तेथील तळी बांधणारे लोक त्याने पाहिले आणि परतताना त्यांना आपल्याबरोबर आणले. त्यांची पहिली वस्ती उत्तरेस, आजच्या बालाघाट जिल्ह्यातील लांजी येथे झाली, असेही सांगितले जाते. उत्तर भारतात भाजीपाला पिकविणारी 'कोइरी' नावाची जात आहे. नावातील हे साम्य या कथेच्या पुष्ट्यर्थ पुढे केले जाते. दुसरीकडे काही जुन्या अधिकाऱ्यांनी दक्षिणेकडे बोट दाखविले.

परंतु हिरालाल व रसेल यांनीच या दाव्यांसमोर एक अडचण मांडून ठेवली आहे. कोहळ्यांची भाषा, त्यांचे रीतिरिवाज, त्यांची कुळनावे हे सर्व मराठी मुलखातील आहे आणि कुणब्यांशी त्यांचे निकटचे साम्य दिसते. आजही कोहळ्यांच्या घरात काशीकडील बोलीचा मागमूस नाही. घरात बोलली जाते ती झाडीबोली. सागर-मोहाच्या वनांत आणि धानाच्या बांध्यांत वाढलेली ही बोली डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी चिकाटीने अभ्यासिली आणि तिला साहित्यात प्रतिष्ठा मिळवून दिली. सबंध समाज उत्तरेकडून स्थलांतर करून आला असता, तर त्याच्या बोलीत, नात्यांच्या शब्दांत आणि देवदेवतांत त्या प्रवासाच्या खुणा राहिल्या असत्या. तेव्हा कथेतील राजाची यात्रा खरी असो वा कल्पित, कोहळी समाजाची घडण याच मातीत झाली, असे मानण्याकडे पुराव्याचा कल आहे.

मग काशीची कथा निर्माण का व्हावी? याचे उत्तर आपल्या समाजरचनेत आहे. शेजारचे पोवार आपले मूळ माळव्यात, धारेच्या परमारांत शोधतात. कोणी अयोध्येचे नाव घेतो, कोणी राजपुतान्याचे. १९०१ च्या जनगणनेत रिस्ले यांनी जातींची सामाजिक श्रेणी लावण्याचा घाट घातला, तेव्हापासून तर देशभरच्या जातिसभांचे अर्ज सरकारदरबारी जाऊ लागले. हाताने माती उपसणाऱ्याला जेथे मान नाही, तेथे मान मिळविण्यासाठी तीर्थक्षेत्राचा किंवा राजवंशाचा आधार शोधावा लागतो. श्रमाला प्रतिष्ठा नाकारणाऱ्या समाजात श्रमिकांच्या जातीही श्रमाचा इतिहास मागे ठेवून वंशाचा इतिहास पुढे करतात. कोहळ्यांच्या कथेचे वैशिष्ट्य असे की, तीत काशीचे नाव असले तरी राजाने आणले ते तळी बांधणारे म्हणूनच. कौशल्याची आठवण तिने सोडलेली नाही.

या संदर्भात पश्चिम आफ्रिकेतील एका समाजाची कथा बोधप्रद ठरेल. घाना आणि टोगो या देशांत एव्हे नावाचे लोक राहतात. आपले पूर्वज नोत्से नावाच्या तटबंदीच्या नगरात राहत होते, असे ते सांगतात. तेथील आगोकोली हा राजा क्रूर होता. लोकांकडून तो भिंती बांधून घेई आणि तुडवायच्या चिखलात काटे मिसळी, अशी कथा आहे. अखेर स्त्रियांनी तटाच्या एकाच जागी रोज सांडपाणी ओतून माती मऊ केली. एका रात्री ती भिंत फोडून सारे लोक बाहेर पडले, आणि पाठलाग चुकावा म्हणून पावले उलटी टाकीत चालत गेले. अन्लोगा या गावी १९६२ पासून दर वर्षी नोव्हेंबरात या निर्गमनाचा उत्सव होतो.

दोन्ही कथांत राजा आहे, माती आहे आणि मातीत राबणारे लोक आहेत. एव्हे लोकांनी आपल्या समाजाचा आरंभ राजाच्या वेठीतून सुटण्यात पाहिला. कोहळ्यांनी तो राजाच्या निमंत्रणात पाहिला. मूळस्थानाच्या कथा इतिहासाचा पुरावा म्हणून लंगड्या असतात. परंतु एखादा समाज स्वतःकडे कोणत्या नजरेने पाहतो आणि सत्तेशी आपले नाते कसे जोडतो, हे त्या फार स्पष्ट सांगतात. आपल्या कार्यकर्त्यांनी त्या अशाच वाचाव्यात. त्यांची टवाळी करू नये आणि त्यांवर जातीचा अभिमानही उभारू नये.

आता तळ्यांकडे वळू. भंडाऱ्यात पाऊस कमी पडतो असे नाही. वर्षाला सुमारे तेराशे मिलिमीटर पडतो. पण तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. धानाला सर्वांत अधिक गरज असते ती निसवण्याच्या वेळी, आणि नेमका त्याच सुमारास, भाद्रपद-आश्विनात, पाऊस अनेकदा दडी मारतो. हातातोंडाशी आलेले पीक पंधरा दिवसांच्या उघडिपीत वाळून जाते. तेव्हा प्रश्न होता तो चार महिन्यांचे पाणी त्या एका पंधरवड्यासाठी राखून ठेवण्याचा. तळे हे त्याचे उत्तर होते. त्याच पाण्यावर कोहळ्यांनी ऊसही पिकविला. गुऱ्हाळे लावून गूळ करणारा समाज अशी त्यांची ओळख इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनातही आहे.

ही तळी केवळ खड्डे खणून झालेली नाहीत. दोन टेकड्यांमधली खिंड हेरून कमीत कमी लांबीच्या पाळीने अधिकात अधिक पाणी अडविणे, ही त्यातील खरी विद्या होती. वरच्या तळ्याचे पाणी सांडव्यावरून खालच्या तळ्यात, तेथून बोडीत आणि बोडीतून धानाच्या बांध्यांत, अशी साखळी तयार केलेली असे. पाणी सोडण्यासाठी 'तुडुम' असे. त्याची छिद्रे पाण्याच्या पातळीप्रमाणे एकामागून एक उघडता येत. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ बैलगाड्यांनी शेतात जाई. त्यामुळे तळे खोल राही आणि जमीन सकस होई. कागदावर आराखडा नाही, पदवीधर अभियंता नाही, तरी शेकडो पावसाळे ज्यांच्या पाळी टिकल्या त्या लोकांना अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

या विद्येचे सर्वांत भव्य उदाहरण म्हणजे नवेगावबांध. सभोवार डोंगर आणि मधल्या खिंडी बंद करून अडविलेले पाणी, अशी त्याची रचना आहे. जुन्या गॅझेटियरमध्ये त्याचा घेर सतरा मैल आणि क्षेत्र पाच चौरस मैल दिले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील नावाच्या कोहळ्याने ते बांधले. पुढे लोकांनी त्याला देवत्व दिले. कोलासूर देव म्हणून त्याचे ठाणे तेथल्या डोंगरावर आहे. भोवतालची सात शिखरे म्हणजे 'सात बहिणी', आणि त्यांनी कोलूला बांध घालण्यास हात दिला, अशी श्रद्धा आहे. त्याच घराण्यातील माधवराव पाटील डोंगरवार यांच्या सहवासात मिळालेले या परिसराचे अरण्यज्ञान मारुती चितमपल्ली यांनी आपल्या लेखनातून मराठी वाचकांपर्यंत पोहोचविले.

बांध घालणाऱ्या माणसाचा देव करणारी ही श्रद्धा अर्थपूर्ण आहे. मात्र येथे एक प्रश्न विचारावयास हवा. कोलू पाटलाचे नाव राहिले. पाटी-फावडे घेऊन ज्यांनी माती वाहिली त्यांची नावे कोठे आहेत? पाच चौरस मैलांचे जलाशय एका पाटलाच्या हाताने उभे राहत नाही. गावोगावच्या बायाबापड्यांच्या डोक्यावरून ती माती गेली असली पाहिजे. त्यांच्या वाट्याला दंतकथेत 'सात बहिणी' एवढीच अनामिक जागा आली. अनुपम मिश्र यांनी 'आज भी खरे हैं तालाब' या १९९३ च्या पुस्तकात देशभरच्या अशाच अनाम तळेकऱ्यांना नायक म्हणून गौरविले. हा गौरव योग्यच आहे. तथापि त्या नायकांमध्येही योजणारा आणि राबणारा, जमीन मिळविणारा आणि भूमिहीन राहणारा असा भेद होता, हे समाजवादी कार्यकर्त्याने दृष्टिआड करता कामा नये.

हा भेद कसा वाढत गेला, ते पाहणे आवश्यक आहे. चांद्याच्या गोंड राजांनी तळे बांधणाऱ्यास त्या तळ्याखाली भिजणारी जमीन देण्याची पद्धत ठेवली होती. चंद्रपुराकडे अशा देणगीस 'तुकूम' म्हणत. त्या शहरातील एका वस्तीचे नाव आजही तुकूम आहे. या व्यवस्थेत जमिनीचा हक्क कामाशी बांधलेला होता. तळे बांधा, ते राखा आणि त्याचे फळ घ्या. १७५१ साली चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्यानंतर १८६० च्या दशकातील जमाबंदीत इंग्रजांनी गावच्या पाटलाला मालगुजार म्हणून गावाचा मालक ठरविले. जो गावाचा कारभारी होता तो एका कागदाने जमीनमालक झाला. तळ्याची जबाबदारी हळूहळू तळ्याच्या मालकीत रूपांतरित झाली. रयतेचे पाण्याचे, चराईचे, सरपणाचे हक्क 'वाजिब-उल-अर्ज' आणि निस्ताराच्या नोंदींत लिहून ठेवले गेले खरे. पण ज्याच्या दारात धान्य मोजावयाचे त्याच्याच दारात तक्रार करावयाची, अशी कुळांची अवस्था झाली. तळ्याची डागडुजी गावकऱ्यांच्या श्रमाने होई, आणि त्या श्रमात स्वेच्छा किती व वेठ किती, हे सांगण्यास कोणा इतिहासकाराची गरज नाही.

म्हणूनच १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातील मालगुजारी नष्ट झाली, तो निर्णय निःसंशय न्यायाचा होता. १९५१ च्या मार्चअखेर तो अमलात आला. ज्या तळ्यांवर इतरांचे पाण्याचे हक्क होते ती तळी सरकारजमा झाली. १९५६ साली हा जिल्हा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर बहुतेक लहान तळी त्यांच्याकडे सोपविण्यात आली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पट्ट्यात मिळून अशी सहा हजारांहून अधिक तळी आहेत. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची आद्याक्षरे घेऊन सरकारी भाषेत त्यांना 'मामा तलाव' असे नाव पडले. मालगुजार गेला, पण तळ्याची ओळख त्याच्याच नावाने राहिली. ज्यांनी ते बांधले त्यांचे नाव सरकारलाही सुचले नाही.

चूक मालगुजारी मोडण्यात झाली नाही. ती पुढे झाली. शासनाने मालकी घेतली आणि राखण कोणी करावयाची हे ठरविले नाही. मालगुजाराला आता तळ्यात रस उरला नाही, गावाला अधिकार मिळाला नाही आणि कचेरीला वेळ नव्हता. गाळ काढणे थांबले, तुडुम फुटले, पाळींवर झाडोरा वाढून त्या खचल्या. पाणलोटातून येणाऱ्या पाटांवर आणि तळ्याच्या पोटातही अतिक्रमणे झाली. बेशरमाच्या झुडपांनी काठ गिळले. सामुदायिक मालमत्ता आणि सरकारी मालमत्ता या दोन वस्तू एक नव्हेत, हा धडा या तळ्यांनी शिकविला आहे. ज्या समाजवादात लोकांच्या जागी खाते येऊन बसते, त्यात तळी भरत नाहीत.

याच काळात मोठ्या धरणांकडे सारे लक्ष गेले. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ साली सुमारे ३७२ कोटी रुपयांच्या खर्चाची मान्यता मिळाली आणि १९८८ मध्ये त्याची कोनशिला बसली. त्याचा अंदाजित खर्च पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. त्यापायी गावे उठली आणि नदीवर जगणाऱ्यांचे जीवन उलटेपालटे झाले. मोठे धरण मुळीच नको, असा येथे आग्रह नाही. परंतु त्या रकमेच्या लहानशा अंशात जुन्या तळ्यांची पाळ, तुडुम आणि गाळ यांची व्यवस्था लागली असती, हा हिशेब मांडण्याचा हक्क धानउत्पादकाला आहे.

तळ्याचा दुसरा वारस आहे ढिवर समाज. त्याच्याकडे जमीन नाही, असली तर नाममात्र. पाणी हेच त्याचे शेत. कोहळ्याने पाणी अडविले ते धानासाठी, आणि ढिवराने त्यातून मासे, शिंगाडे व कमळकंद काढून पोट भरले. मच्छीमार सहकारी संस्थांना तळी ठेक्याने मिळू लागली. पण अधिक उत्पन्नाच्या नावाखाली बाहेरच्या जातींचे मत्स्यबीज सोडले गेले. गवत खाणाऱ्या माशांनी पाणवनस्पती संपविल्या, आणि त्या वनस्पतींत अंडी घालणाऱ्या गावठी माशांचा आसरा गेला. अर्जुनी-मोरगावच्या परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साहाय्याने ढिवरांनी, विशेषतः ढिवर स्त्रियांनी, गेल्या काही वर्षांत वेगळी वाट धरली आहे. बेशरम उपटून काढायचा, तळ्याचा तळ उन्हाळ्यात नांगरायचा, देशी पाणवनस्पती पुन्हा लावायच्या आणि गावठी मासे वाढू द्यायचे, असा त्यांचा क्रम आहे. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. ते विचारणारे कोणी नव्हते, एवढेच. महाराष्ट्रात सारस पक्षी प्रामुख्याने याच पट्ट्यात उरला आहे, तोही या धानाच्या आणि तळ्यांच्या आश्रयाने.

तळ्यांनी केवळ पीक दिले असे नाही. दिवाळीला हलके धान घरात आले की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. रात्रभर दंडार चालते, खडी गंमत होते, नाटके रंगतात. शिवारात शंकरपट होतो. त्या रात्री कोहळी, कुणबी, पोवार, गोंड, ढिवर, पूर्वाश्रमीचे महार असे सारे लोक एका मांडवासमोर बसतात. ही संस्कृती आश्विनातल्या त्या एका पाण्यावर उभी आहे. धान वाळले तर मंडईही सुनी पडते. संस्कृती जपा असे सांगणाऱ्यांनी पाळ दुरुस्त करण्याच्या कामातही हात घातला पाहिजे.

यातून कार्यकर्त्यांसमोर काही कामे उभी राहतात. प्रत्येक गावातील तळ्यांची यादी, त्यांचे निस्तारपत्रक आणि आजची अतिक्रमणे यांची नोंद गावकऱ्यांनीच करावी. तळ्याच्या कारभारात पाणी घेणारा शेतकरी, मासे धरणारा ढिवर आणि रोजंदारीवर गाळ उपसणारा भूमिहीन मजूर या तिघांनाही समान स्थान असावे. पूर्वीच्या व्यवस्थेत योजक होता, मालक होता. राबणाऱ्याला आवाज नव्हता. जुनी तळी दुरुस्त करताना ती जुनी विषमता मात्र दुरुस्तीवाचून राहू देऊ नये. रोजगार हमीच्या कामांत गाळ काढणे आणि पाळ बांधणे यांना अग्रक्रम मिळावा, आणि काढलेला गाळ प्रथम लहान शेतकऱ्यांच्या शेतात जावा. स्त्रियांच्या मत्स्यसंस्थांना ठेक्यात प्राधान्य असावे.

कोहळी तरुणांनाही एक विनंती करावीशी वाटते, ती कळकळीची आहे. समाजाच्या मेळाव्यांत काशीचे मूळ अवश्य सांगावे. ती पूर्वजांनी जपलेली कथा आहे. पण आपल्या गावच्या तळ्याच्या पाळीची लांबी किती, तिचा तुडुम शेवटचा केव्हा दुरुस्त झाला आणि त्याखाली किती घरांचे धान भिजते, हेही त्याच व्यासपीठावरून सांगितले जावे. पूर्वज कोठून आले याचा निवाडा कदाचित कधीच होणार नाही. ते येथे येऊन काय करून गेले, हे मात्र प्रत्येक पावसाळ्यात तळ्यात दिसते, आणि गळक्या पाळीतून वाहून जातानाही दिसते.